पुलापलीकडचं माहेर

१२ ऑक्टोबर १९४१

भट्टीवाल्या बाई,

तुम्हाला काय म्हणून हाक मारायची ते ठरेना. शाळेच्या मास्तरांनी पाठवलेल्या कार्डावर 'गावातली पावाची भट्टी, मूलबाळ नाही, एक मूल ठेवून घेईल' एवढीच तुमची ओळख आहे. तेव्हा मी तुम्हाला भट्टीवाल्या बाईच म्हणणार. राग मानू नका.

बिट्टी सुखरूप पोचली हे कळलं. शहरावर बाँब पडताहेत तोवर मुलांना खेड्यांत पाठवायचं असा हुकूम निघाला, म्हणून ती तुमच्याकडे आहे. मी मुलगी कुणाच्या दारात टाकलेली नाही, हे आधी मनात पक्कं करा. तिचे वडील आघाडीवर आहेत आणि मी ट्रामच्या डेपोत कामाला लागले आहे. पुरुष सगळे लढाईवर गेल्यामुळे आता बायकांना ट्राम चालवायला शिकवतात. शिकवणारा म्हातारा रोज ऐकवतो की बाईच्या हातात ब्रेकचं चाक आवळायची ताकद नसते. काल मी भर उतारावर गाडी अशी उभी केली की त्याची टोपी उडून पुढच्या काचेवर आपटली. तेव्हापासून गप्प आहे.

आता बिट्टीचं सांगते. दुधावर साय दिसली तर ती घोटसुद्धा घेणार नाही, गाळून द्या. झोपताना स्वतःच्या कानाची पाळी चोळते, ती सवय मोडायला जाऊ नका. रुसली तर समजूत घालू नका. जरा वेळ तशीच राहू दिली की आपणहून येते. समजूत घातली की तिला चटक लागते. साडेपाच वर्षांची आहे, पण बोलणं मोठ्या बाईसारखं आहे, त्याला भुलू नका.

आणखी एक. तिने तुम्हाला मावशी म्हणावं. मी तिला गाडीत बसवतानाच तसं बजावलंय, तुम्हीही लक्ष ठेवा. लहान मुलांचं काय, जो खायला घालेल त्याला काहीही म्हणायला लागतात.

उन्हाळ्याच्या आत मी न्यायला येतेच.

बिट्टीची आई


२८ फेब्रुवारी १९४३

बाई,

काल परत आले. तुमच्याकडे राहिले, जेवले, तुम्ही तुमची स्वतःची खाट मला दिलीत, त्याबद्दल आभार मानायला हवेत. मानते.

मी तिला न्यायला आले होते, हे तुम्हाला कळलं असणारच. एक उन्हाळा हुकला होता, दुसरा हुकवायचा नव्हता. आणि नेमकं तुमच्याच दुकानातल्या रेडिओवर आमचा भाग उद्ध्वस्त झाल्याचं ऐकावं लागलं. आता बघून आले. गल्लीच्या तोंडाचा पाण्याचा नळ तेवढा उभा आहे. मुलीला जिथे न्यायचं ते घरच राहिलं नाही, म्हणून ती तुमच्याकडे राहिली. दुसरं काही कारण नाही. मी सध्या डेपोतच, बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत झोपते.

पण मला दुसरंच लिहायचंय. मी दारात उभी राहिले तेव्हा बिट्टी तुमच्या मागे गेली. दीड वर्षाने आई दिसते तेव्हा मूल बुजतं, एवढं मलाही कळतं. पण तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे ढकललंत, ते मला फार लागलं. माझी मुलगी माझ्याकडे यायला परक्या बाईचा हात लागावा! नंतर ती माझ्या मांडीवर बसली खरी, पण पाहुण्यांच्या मांडीवर बसतात तशी, पाय जमिनीला टेकवून. म्हणाली, "तुझ्या हाताला लोखंडाचा वास येतो. मावशीच्या हाताला पावाचा येतो." मी हात धुऊन आले तरी तेच म्हणाली.

आणि साय खाते ती आता. पावावर पसरून, वर साखर भुरभुरून. मला कुणी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिने तुम्हाला 'आई' म्हणून हाक मारली, मग जीभ चावून 'मावशी' म्हणाली. तुम्ही दोघींनी एकदमच माना खाली घातल्या. म्हणजे मी नसताना हे रोजचंच आहे. मी काही बोलले नाही, कारण तुमच्या भिंतीवर तुमच्या मालकांचा फोटो होता आणि त्याखाली गेल्या हिवाळ्यातली तारीख होती. आमचे बेपत्ता आहेत. बेपत्ता माणसाच्या बायकोला रडायचीही परवानगी नसते, तुम्हाला निदान ती तरी आहे. बघा, याचासुद्धा मला हेवा वाटला. मी अशी नव्हते.

बिट्टीची आई


२० ऑगस्ट १९४५

बाई,

युद्ध संपलं. दूर कुठेतरी एकाच बाँबने एक अख्खं शहर गेलं म्हणतात. डेपोत त्यावर कुणी फारसं बोललं नाही. आपल्याकडे आता शांतता आहे ना, मग बस्स, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसतं.

बिट्टीच्या वडिलांबरोबरचा एक शिपाई परत आला. त्याने सगळं सांगितलं. ते मी तुम्हाला लिहीत नाही. तिला मीच सांगेन, समोर बसवून. तुम्ही सांगू नका. निदान ही एक गोष्ट तिला माझ्या तोंडून कळू दे.

मला एक खोली मिळाली आहे. तिसऱ्या मजल्यावर, खिडकीला काच नाही, पुठ्ठा आहे. एका टोकाला तिची खाट लावली आहे. रोज कामावरून आले की त्या खाटेवरची चादर सरळ करते. कुणी झोपत नाही त्या चादरीला चुण्या कुठून पडतात कोण जाणे.

नदीच्या तुमच्या बाजूला एक फौज आणि आमच्या बाजूला दुसरी, आणि पूल ओलांडायला दोघांचा परवाना. सगळे म्हणतात तात्पुरतं आहे. मी अर्ज केला आहे. तुम्ही तिचे कपडे बांधायला घ्या. जे तुम्ही शिवलेत ते तिथेच राहू द्या, मी शिवीन.

बिट्टीची आई


९ जून १९४६

तुमचं पत्र मिळालं. 'मला ताप चढला होता, उठवत नव्हतं, पोरीला कुणाबरोबर पाठवणार?' असं लिहिलंत.

ऐका मग त्या दिवशी काय झालं ते. दहा महिने खेटे घालून मला एका दिवसाचा परवाना मिळाला होता. मी डेपोचा गणवेश इस्त्री करून घातला, कारण माझ्याकडे त्याहून चांगलं काही नाही. पुलाच्या मध्यावर पांढरा पट्टा मारला आहे. अलीकडे आम्ही आया, पलीकडून गावातली माणसं मुलांना घेऊन येत होती. शिपाई कागद बघायचा आणि मुलाला पट्ट्यावरून अलीकडे सोडायचा. एक पोरगं पट्ट्यावरून उडी मारूनच आलं. माझ्या शेजारच्या बाईला तिचा मुलगा ओळखूच येईना, इतका उंच झाला होता. त्यानेच तिला ओळखलं. सगळ्या हसत होत्या, रडत होत्या. मी त्यांच्याबरोबर हसले. अजून वेळ आहे असं म्हणत होते.

दुपारनंतर पलीकडून कुणी यायचं थांबलं. शेजारची बाई जाता जाता मला अर्धा पाव देऊन गेली. पावच द्यायचा होता तिला. मग शिपायाने आडवा दांडा खाली घेतला आणि म्हणाला, "बाई, आता घरी जा."

तुम्हाला ताप होता. असेल. पण तुमच्या जागी मी असते आणि पट्ट्याच्या अलीकडे तुम्ही उभ्या असता, तर मी तापात सरपटत आले असते. तुमच्या गावात एक गाडीवाला नव्हता? एक म्हातारी नव्हती? तुम्हाला यायचंच नव्हतं. मूलबाळ नसलेल्या बाईला भट्टीवर कामाला एक पोर आयतं मिळालं, ते ती कशाला सोडेल.

दुसरा अर्ज केला आहे. या वेळी आजारी पडू नका.


३ नोव्हेंबर १९४९

मी तुम्हाला चोर म्हणायचं ठरवलं आहे. इतके दिवस मनात म्हणत होते, आता लिहून टाकते.

माझा अर्ज परत आला. नदीच्या दोन काठांचे आता दोन देश झाले. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "पलीकडच्या सरकारच्या दप्तरी या नावाची मुलगी भट्टीवाल्या बाईंची आहे. तुमची मुलगी तिकडे नाहीच." मी त्याला तिच्या जन्माचा दाखला दाखवला. तो म्हणाला, "हा इकडचा."

तुम्ही लिहिता की ज्या मुलांचे आईबाप तिकडे नाहीत त्यांना सरकारी वसतिगृहात नेत होते, गाडी गावात येऊन उभी होती, म्हणून तुम्ही तिला आपली मुलगी म्हणून नोंदवलंत. कारण पटतं. म्हणूनच अंगाचा जास्त तिळपापड होतो. तुम्ही काहीतरी दुष्टपणा केला असता तर मी सुखाने तुम्हाला शिव्या घालत बसले असते.

माझी ट्रामही गेली. पुरुष परत आले आणि आम्हा बायकांना एका सकाळी बोलावून 'देश तुमचा ऋणी आहे' असं सांगून हँडल काढून घेतलं. माझी गाडी आता एक पोरगेलासा माणूस चालवतो, वळणावर रुळांवर वाळू सोडायला विसरतो, चाकं घसरतात. मी त्याच गाडीत झाडू मारते. तो उतरला की सीट माझ्या उंचीला खाली करून बघते आणि परत त्याच्या उंचीला लावून ठेवते.

दोन्ही जागा गेल्या, आणि दोन्हींवर दुसरं कुणीतरी बसलंय. तो निदान वाईट चालवतो. तुम्ही चांगलं सांभाळता, हे सगळीकडून कानावर येतं.

बिट्टीची आई. दप्तरात काहीही लिहिलेलं असो.


१५ एप्रिल १९५६

बाई,

इतकी वर्षं मी फक्त बिट्टीला लिहिलं आणि तिची उत्तरं आली. चार ओळी, स्वच्छ अक्षर, खाली 'आपली नम्र'. त्यापेक्षा तुमच्या पत्रांत तिच्याबद्दल जास्त असतं, म्हणून पुन्हा तुम्हालाच लिहिते. काय करणार, माझ्या मुलीची खबर तुमच्याकडून मागून घ्यावी लागते.

फोटो मिळाला. पाकीट मध्येच कुणीतरी उघडून चिकटवलं होतं, पण फोटो शाबूत आहे. नदीच्या धक्क्यावरची ती उंच क्रेन, वर काचेची पेटी, आणि पेटीत माझी मुलगी. तुमच्याकडे बायकांना क्रेन चालवायला देतात, आणि ती वीस वर्षांची आहे! आमच्याकडे अजून सभा भरवून विचारतात की बायकांनी कामावर जावं की नाही. या एका बाबतीत मला तुमच्या सगळ्या देशाचाच हेवा वाटला. मात्र आमच्याकडेही चालक कमी पडायला लागलेत. मी अर्जांचा रतीब घातला होता, शेवटी मागच्या महिन्यात मला पुन्हा गाडीवर घेतलं. तो वाळू विसरणारा आता माझा साहेब आहे.

तुम्ही लिहिलंत की हँडल धरायची तिची ढब अगदी माझ्यासारखी आहे. तुम्ही मला गाडी चालवताना कधी पाहिलंय? तिनेही नाही पाहिलं. मला बरं वाटावं म्हणून लिहिलंत. आणि मला बरं वाटलं, हेच मला आवडलेलं नाही. तुमच्याकडे इतकं आहे की त्यातलं चिमूटभर मला वाटून टाकता येतं.

फोटो भिंग लावून पाहिला. पेटीच्या काचेतून फक्त तिचा खांदा दिसतो. खाली धक्क्यावर हातात डबा घेऊन उभ्या आहात त्या तुम्हीच ना? रोज डबा नेता?


२२ जुलै १९६९

बाई,

परवा डेपोत सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. माणूस चंद्रावर उतरला, तिथून बोलला, आणि ते आम्हाला इथे ऐकू आलं. जुना चाक्या, म्हणजे आमचा चाकं बदलणारा, लहान मुलासारखा टाळ्या पिटत होता. मीही पिटल्या. मग उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. नदीपलीकडे माझी मुलगी आहे, आणि तिचा आवाज आता कसा आहे हे मला माहीत नाही.

तुमच्या काठाला तारांची भिंत झाली तेव्हापासून पत्रंही तुटक झाली. त्यातून तुमचं हे पत्र आलं. बिट्टीने नवऱ्याला सोडलं. लग्न झाल्याचं मला वर्षाने कळलं होतं, मोडल्याचं मात्र लगेच कळलं, ही प्रगतीच म्हणायची. तो प्यायचा, हात उगारायचा, आणि ती एका सकाळी बॅग भरून निघाली. चांगलं केलं. आमच्या आयांना हे जमलं नसतं. मला तिचा अभिमान वाटला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंत, 'ती घरी आली आहे, काळजी नसावी.'

घरी. बॅग घेऊन बाई निघते तेव्हा तिचे पाय विचार न करता कुठे वळतात, त्याला माहेर म्हणतात. तिचे तुमच्या भट्टीकडे वळले. वाटेत पुलावरचा पट्टा नसता, तारा नसत्या, तरी तिकडेच वळले असते, हे मी आता स्वतःशी कबूल केलं आहे. तिच्या खाटेवर मी हल्ली शिवणकामाचं सामान ठेवते.

तिला खायला घाला. तुम्ही घालताच म्हणा.


१७ जानेवारी १९७३

बाई,

दोन सरकारांचा करार झाला आणि टेलिफोन जोडले, हे तुमच्याकडेही वाचलं असेल. मी पोस्टात रांग लावून काल तुमच्या गावच्या दुकानात फोन लावला. बिट्टीला बोलावून आणलं. तुम्हीही शेजारीच होतात, म्हणून हे तुम्हाला नवीन नाही. पण तारेच्या या टोकाला काय ऐकू आलं ते तुम्हाला माहीत नाही.

मी म्हटलं, "बिट्टी?" पलीकडून एका पोक्त बाईचा भारदस्त आवाज आला, "अहो आई, नमस्कार. तुम्ही कशा आहात?"

अहो आई! नवऱ्याच्या आईला म्हणतात तसं. मी म्हटलं मी बरी आहे. तिने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. कामावरून निवृत्त कधी होणार ते विचारलं. 'तुम्ही जपा', 'तुम्ही दगदग करू नका'. इतकं गोड, इतकं रीतीचं बोलत होती की मला फोन ठेवून द्यावासा वाटला. तेवढ्यात मागे कुणीतरी खोकलं. आणि तिने तोंड बाजूला केलं असणार, पण हात फोनवर ठेवायला विसरली. मला स्पष्ट ऐकू आलं. "तू कशाला आलीस गं एवढ्या थंडीत? आई, तू घरी जा बघू. ऐकत कशी नाहीस!"

मग परत फोनमध्ये, "हां, काय म्हणत होतात तुम्ही?"

मी काही म्हणत नव्हते, बाई. तिचा आवाज ऐकायला मी अर्ध्या आयुष्याइतकी थांबले, आणि तो ऐकला तेव्हा कळलं की तिच्याकडे दोन आवाज आहेत. एक पाहुण्यांसाठी ठेवलेला, कपाटातल्या चांगल्या कपबश्यांसारखा. दुसरा रोजच्या वापरातला, कडा उडालेला. मला कपबश्या मिळाल्या. तुम्ही तिच्या रागावण्याच्या धनी आहात. ती माझ्यावर एकदा जरी तशी खेकसली असती तर मी घरी नाचत गेले असते.

पुन्हा इतक्यात फोन करणार नाही. खोकल्याकडे लक्ष द्या. हे तिच्यासाठी लिहिते, तुमच्यासाठी नाही. तुम्ही आजारी पडलात की ती जागते.


१९ नोव्हेंबर १९८९

बाई,

बिट्टी आली आहे, आणि हे पत्र तिच्याच हाती देत आहे. तुमची दृष्टी गेल्याचं तिने सांगितलं, म्हणजे हे तीच तुम्हाला वाचून दाखवणार. बिट्टी, काही गाळू नकोस, आणि आवाज मऊ करून वाचू नकोस. मी जसं लिहिलंय तसं वाच.

तारा तोडल्या, लोक पुलावर चढून नाचले, हे सगळ्या जगाने पाहिलं. मी टीव्ही बंद करून टाकला. पूल उघडला आणि ती आली नाही, असं झालं असतं तर मला दुसऱ्यांदा सोसलं नसतं. चौथ्या दिवशी सकाळी मी जिना पुसत होते. खालून एक पांढऱ्या केसांची, रुंद खांद्यांची बाई धापा टाकत वर आली. मी म्हटलं, "जरा थांबा, ओलं आहे." ती थांबली. आम्ही दोघी ओली पायरी वाळेपर्यंत एकमेकींकडे बघत उभ्या होतो. मग तिने चपला काढून हातात घेतल्या आणि वर आली.

दोन दिवस आम्ही फार चांगलं वागलो. मी तिला रिकामा डेपो दाखवला. ट्राम जाऊन आता तिथे गाड्या उभ्या करतात. तिने धक्का बंद होणार असल्याचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी जेवताना मी पुलाचा विषय काढला. म्हटलं, त्या दिवशी तुझ्या मावशीला ताप आला नसता तर आपलं आयुष्य वेगळं झालं असतं. मी 'ताप' असा म्हटला, की ऐकणाऱ्याला कळावं मला काय म्हणायचंय.

तिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, "तिला ताप नव्हता. मी लपले होते."

तुम्ही तिला पहाटेच न्हाऊ घातलं होतं, वेणी घातली होती, गाडीवाला दारात होता. आणि ती माळ्यावर पिठाच्या पोत्यांमागे जाऊन बसली. तुम्ही गावभर हाका मारत फिरलात, विहिरीत डोकावलात. संध्याकाळी ती सापडली तेव्हा तुम्ही तिला मारलं नाहीत, नुसत्या जमिनीवर बसलात. तिने मला सांगितलं, "मला तुमचा चेहरा आठवत नव्हता. कुणातरी अनोळखी बाईकडे मला पाठवताहेत असं वाटलं. दहा वर्षांची होते मी."

मी विचारलं, मग हे मला कुणी का नाही कळवलं? ती म्हणाली, तुम्ही तिला शपथ घातली होती. तुमचे शब्द तिने जसेच्या तसे सांगितले. "पोरीलाच यायचं नव्हतं हे कळलं तर ती बाई मोडून पडेल. माझ्यावर चिडली तर निदान उभी तरी राहील."

मी उभी राहिले, बाई. त्रेचाळीस वर्षं राहिले. तुमच्यावर चिडूनच सकाळी उठत होते, गाडीवर चढत होते, अर्ज करत होते. आता माझ्याकडे चिडायलाही काही ठेवलं नाहीत.

मी तुम्हाला चोर म्हटलं ते परत घेते. पण पुढचं ऐका. परवापासून मी एकच विचार करतेय, की तुमच्या जागी मी असते तर मी असं केलं असतं का? नसतं. मी त्याच संध्याकाळी तुम्हाला कळवलं असतं, की तुमची मुलगी तुमच्याकडे यायला तयार नाही, ती माझ्याकडे सुखात आहे. 'सुखात' या शब्दाखाली रेघ मारून. आणि म्हणून, आजवर मला तुमचा हेवा फक्त तिच्यामुळे वाटत होता, आता तुमच्या स्वभावाचाही वाटतो. या वयात आणखी एक हेवा झेपायचा नाही, पण आलाय खरा.

बिट्टी आता रडत असेल. तिला पाणी द्या.


४ मार्च १९९०

बाई,

धक्का बंद झाला, क्रेन भंगारात गेली आणि भट्टीची जागा कुणीतरी मागतंय, हे बिट्टीने फोनवर सांगितलं. मी तिला म्हटलं, इकडे ये, आता दोन खोल्यांचं घर आहे, माझी पेन्शन आहे. ती म्हणाली, "तिला सोडून मी कुठे येणार? दिसत नाही तिला. मी तिला सोडणार नाही, अहो आई, तुम्ही समजून घ्या."

मी समजून घेतलं नाही. दोन आठवडे फोन उचलला नाही. चाक्या अजून आहे, खालच्या मजल्यावर राहतो; त्याच्यापाशी मी माझी बाजू मांडली. तो म्हणाला, "मग एकटी राहा." दुसरा काही सल्ला त्याने दिला नाही.

तेव्हा असं आहे. तुम्ही दोघी या. जिन्याला मी दोर बांधून घेतला आहे, तुम्हाला धरून चढता येईल. रस्त्याकडची खोली तुमची. तिथे ऊन येतं, आणि कोपऱ्यावर पावाचं दुकान आहे, त्याचा वास येतो. त्याच्या पावाला तुम्ही नावं ठेवालच, ती मला ऐकायला आवडतील, कारण मीही ठेवते. आतल्या खोलीत मी आणि बिट्टी. यावर चर्चा नको. खाट मोकळी केली आहे.

तुमच्याशी मी गोड वागेन असं कबूल करत नाही. ती तुम्हाला भरवायला बसेल तेव्हा मी खोलीतून उठून जाईन. तुम्हाला दिसणार नाही, पण पावलं ऐकू येतील, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. थोड्या वेळाने परत येईन. तिचं सहाव्या वर्षापासूनचं सगळं मला तुमच्याकडून ऐकायचंय. दात कधी पडले, गोवर कधी निघाला, पहिल्यांदा खोटं काय बोलली. रोज थोडं सांगा. मला राग येईल, तरी थांबू नका.

फक्त एक मागते. बिट्टी सांगत होती, की अजूनही रोज सकाळी तुम्हीच तिला हाक मारून उठवता. म्हाताऱ्या बाईला जाग लवकर येते आणि ही चोपन्न वर्षांची घोडी पांघरूण ओढून घेते. इथे आल्यावर ती हाक मी मारणार. तुम्ही जाग्या असलात तरी गप पडून राहायचं. ती माझ्यावर चिडेल, 'झोपू दे ना' म्हणून ओरडेल. ते तुम्हाला तुमच्या खोलीत ऐकू येईल. नुसतं ऐका.

बिट्टीची आई